चौदा मुलांची शाळा



आपल्यापैकी बरेचजण पाड्यांना भेट देऊन परत निघताना एक प्रश्न हमखास विचारतात. "शाळेत मुले अवघी चौदा. त्यांना दोन शिक्षक, एक इमारत, रोजचा पोषण आहार. त्यापेक्षा या चौदा मुलांना एखाद्या चांगल्या वसतिगृहात ठेवले तर त्यांचे भले होणार नाही का?" हा प्रश्न मनापासून येतो आणि त्यामागे प्रेम असते. मात्र उत्तर देण्यापूर्वी 'चौदा' हा आकडा आला कुठून, हे पाहिले पाहिजे. कारण पाड्यात मुले चौदाच असतात असे नाही. आणि वर्गात चौदा मुले बसलेली दिसतील असेही नाही.

या अंकात जिल्हा परिषदेच्या लहान शाळेविषयी सविस्तर लिहीत आहे. आपल्या मदतीचा बराचसा भाग आदिवासी मुलांच्या शिक्षणावर खर्च होतो. ती मदत शाळेला सावरते आहे की नकळत तिचा पट कमी करते आहे, हे देणाऱ्यालाही कळले पाहिजे.

लहान शाळा किती आहेत?

लहान शाळा हा काही अपवाद नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने समूह शाळांचा विचार पुढे आणला, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३ असल्याचे सांगितले गेले. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले. देशभराचे चित्रही फार वेगळे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नोंद आहे की २०१६-१७ मध्ये देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी जवळपास २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुले होती, आणि एकशिक्षकी शाळा १,०८,०१७ होत्या.

यांतल्या पुष्कळ शाळा डोंगराळ भागात आहेत. सातपुड्यात अक्राणी आणि अक्कलकुवा, मेळघाटात धारणी आणि चिखलदरा, पालघरमध्ये जव्हार आणि मोखाडा, गडचिरोलीत भामरागड आणि एटापल्ली. इथे गाव म्हणजे एकगठ्ठा वस्ती नसते. एकाच महसुली गावाचे सात-आठ पाडे डोंगरउतारावर विखुरलेले असतात आणि मध्ये नाला, नदी किंवा दरी असते. पाड्यात घरे तीस-चाळीस. तिथल्या शाळेत शंभर मुले कधीच असणार नाहीत. शाळा लहान आहे कारण पाडा लहान आहे.

ही शाळा तिथे मुद्दामच उभी राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. त्याच्याही आधी, २००० नंतरच्या काळात, दूरच्या पाड्यांवर 'वस्तीशाळा' सुरू झाल्या आणि पुढे त्या नियमित प्राथमिक शाळा झाल्या. सहा वर्षांच्या मुलाला चालवेल इतक्या अंतरावर शाळा हवी, एवढा साधा विचार त्यामागे होता.

एक पाडा, चार आकडे

आता उदाहरण म्हणून एक पाडा डोळ्यांपुढे आणू. हा पाडा कल्पनेतला आहे, पण आदिवासी भागात काम करणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल.

पाड्यात चाळीस घरे आहेत आणि पहिली ते चौथीच्या वयाची तेवीस मुले. त्यांतली चार मुले दूरच्या शहरात इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत आहेत. दोन आश्रमशाळेत आहेत. तिघांचे नाव कुठल्याच शाळेत नाही. एक मुलगा गुरे राखतो आणि दोन मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. उरली चौदा. हा झाला पट.

या चौदांपैकी दोघांचे आधार कार्ड नाही, किंवा आहे पण शाळेतल्या नावाशी जुळत नाही. म्हणून मोजणीत आली बारा.

दिवाळीनंतर पाच मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. वर्गात राहिली नऊ.

तेवीस, चौदा, बारा, नऊ. चारही आकडे एकाच पाड्याचे आणि एकाच वर्षाचे. "शाळेला मुलेच नाहीत" असे कुणी म्हणाले, तर यांपैकी कुठल्या आकड्याविषयी बोलता, असे त्याला विचारले पाहिजे. प्रत्येक टप्प्यावर मुले गळण्याचे कारण वेगळे आहे, त्यामुळे उपायही वेगळा.

पट: तीस सप्टेंबरचा हिशेब

शाळेत किती शिक्षक असावेत, हे दरवर्षी 'संचमान्यते'त ठरते. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. त्या दिवशी किती मुले पटावर आहेत, त्यावर पुढच्या शिक्षकपदांचे गणित बसते.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, एक्याण्णव ते एकशेवीसला चार असा हिशेब आहे. 'साठपर्यंत दोन' याचा अर्थ कितीही लहान शाळा असली तरी शिक्षक दोन हवेत. एक आजारी पडला, केंद्राच्या बैठकीला गेला किंवा निवडणुकीच्या कामाला लागला, तरी शाळेला कुलूप लागू नये. अलीकडे याच ठिकाणी ओढाताण सुरू आहे. २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एका जागी कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला आणि नंतर त्यात बदलही झाले. पट घसरला की धोका सगळ्यात आधी दुसऱ्या शिक्षकाला असतो, हे मात्र यातून स्पष्ट झाले.

मोजणीत आता आधारची अट महत्त्वाची झाली आहे. एक फरक इथे लक्षात ठेवावा. प्रवेशासाठी आधार सक्तीचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. तेव्हा मूल वर्गात बसू शकते. पण शिक्षकपदे ठरवताना ज्याचे आधार वैध ठरले आहे असेच मूल धरले जाते. मूल समोर बसलेले असते, वाचत असते, जेवत असते, आणि हिशेबात नसते.

आधार का नसते? कारण जन्माची नोंद नसते. बाळंतपण घरी झाले, एकवीस दिवसांच्या आत नोंद करायची राहून गेली. वर्ष उलटले की ती नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन खेपा घालायच्या, त्या दिवसांची मजुरी बुडवायची, गाडीभाडे भरायचे. रोजंदारीवर जगणारे घर हे काम पुढे ढकलत राहते. शेवटी ते मूल सात वर्षांचे होते आणि त्याच्या एका कागदामुळे शाळेचा एक आकडा कमी होतो.

हजेरी: शाळेचे वर्ष आणि घराचे वर्ष

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलमध्ये परीक्षेने संपते. पाड्यावरच्या घराचे वर्ष वेगळे चालते. पावसाळ्यात शेतात काम असते, ज्वारी-मका पिकतो. दिवाळीच्या सुमारास धान्य घरात येते. कोरडवाहू शेतीत पुढे काम उरत नाही. मग मुकादम येतो, उचल देतो. नवरा-बायकोचा एक 'कोयता' ठरतो आणि घर गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला निघते. पालघर-रायगडकडे कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. सातपुड्यातली माणसे भोंगऱ्या बाजाराला, होळीला परत येतात. काहींना आखाजी उजाडते.

दोन्ही वर्षे शेजारी ठेवली की घोळ दिसतो. ३० सप्टेंबरला मुले घरी असतात, म्हणून पट भरलेला दिसतो. नोव्हेंबर ते मार्च ती फडावर असतात. गणितातला भागाकार आणि भाषेतले उतारे शिकवले जातात ते याच महिन्यांत. एप्रिलमध्ये मूल परत येते तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. मूल मंद आहे म्हणून मागे पडलेले नसते. पाच महिन्यांचे शिकणेच त्याच्या वाट्याला आलेले नसते.

यावर शासनाची एक चांगली योजना आहे, हंगामी वसतिगृहाची. आईबाप कामाला गेले की मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे गावातच राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेच्या आधारे होते. शिवाय स्थलांतर करणाऱ्या मुलाला 'शिक्षण हमी कार्ड' देतात. ते दाखवले की जिथे कुटुंब जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येते. दोन्ही सोयी चालतात त्या वेळेवर केलेल्या यादीवर. कुठले घर कधी निघणार आणि मागे घरात कोण राहणार, ही माहिती दसऱ्यापूर्वी शिक्षकाच्या हाती पडली तरच वसतिगृह वेळेत उभे राहते. घर निघून गेल्यावर केलेल्या यादीचा उपयोग होत नाही.

प्रगती: निकाल कसा वाचावा?

"ठीक आहे, पण या शाळेत मुले शिकतात का?" हा पुढचा प्रश्न आणि तो रास्त आहे. काही लहान शाळांत शिकवणे खरोखरच कच्चे असते. शिक्षक दूरच्या गावाहून ये-जा करतो, उशिरा पोहोचतो. माहिती भरणे, फोटो पाठवणे यांत दिवस जातो. ते झाकून ठेवण्यात मुलांचे हित नाही. पण निकाल वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट लहान संख्येची. चौथीत तीनच मुले असली आणि त्यांतल्या एकाला वाचता आले नाही, तर निकाल होतो ६७ टक्के. पुढच्या वर्षी तिघांनाही आले तर १०० टक्के. शाळा एका वर्षात फार सुधारली असे नाही, आणि आदल्या वर्षी फार बिघडली होती असेही नाही. एवढ्या लहान शाळेत टक्केवारीला अर्थ नसतो. तिथे एकेका मुलाचे नाव घेऊनच बोलावे लागते. शंभर मेंढरांपैकी एक हरवले तेव्हा मेंढपाळाने नव्व्याण्णव टक्के उरली म्हणून समाधान मानले नाही, हा दाखला आपल्या मंडळींना वेगळा सांगायला नको.

दुसरी गोष्ट भाषेची. पहिलीतल्या मुलाच्या पुस्तकात 'पाणी' असते. कोरकू मूल घरी पाण्याला 'डा' म्हणते, गोंड मूल 'येर' म्हणते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आणि गोंडी द्राविडी कुळातली. मराठीशी त्यांचे नाते दूरचे आहे. पावरी, भिली, वारली, कातकरी बोलणाऱ्या मुलांनाही पुस्तकातली मराठी परकीच वाटते. असे मूल पहिली दोन वर्षे एका अनोळखी भाषेतून वाचन शिकत असते. शिक्षकाला त्याची भाषा येत नसेल तर मूल गप्प बसते, आणि गप्प मुलाला 'ढ' म्हणणे सोपे असते. राष्ट्रीय धोरणातही निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकात हेच केले. मुलांच्या पावरी-भिलीपासून सुरुवात करून त्यांना मराठीकडे नेले.

तिसरी गोष्ट म्हणजे वाचन मागे पडणे हा फक्त पाड्याचा आजार नाही. 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावते. देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २०.९ टक्के होती. टाळेबंदीनंतर २०२२ मध्ये ती १६.३ टक्क्यांवर आली, आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांपर्यंत चढली. म्हणजे मोठ्या शाळांतही बहुतेक मुले इयत्तेच्या मागे आहेत. त्याच वेळी दोन वर्षांत सात टक्क्यांची वाढ झाली, याचा अर्थ मनावर घेतले तर सुधारणा होऊ शकते.

ती कशी होते, याचाही अनुभव आहे. एका खोलीत चार इयत्ता असल्या की इयत्तेप्रमाणे शिकवता येत नाही. मुलाला काय येते ते पाहून गट करावे लागतात: अक्षरे ओळखणारा एक, शब्द वाचणारा दुसरा, उतारा वाचणारा तिसरा. मोठी मुले लहानांना मदत करतात. 'प्रथम' संस्थेने पातळीनुसार शिकवण्याची ही रीत देशभर नेली. मुंबई आणि वडोदरा इथल्या तिच्या 'बालसखी' कामाचा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या खेड्यांतल्या शाळांत मुले पायरी-पायरीच्या कार्डांवर आपापल्या गतीने शिकतात. या पद्धतीत चौदा मुलांची शाळा ही अडचण ठरत नाही. इतक्या थोड्या मुलांकडे लक्ष देणे उलट सोपे जाते, अट एवढीच की शिक्षक रोज हजर हवा.

शाळा एकत्र करणे: दोन्ही बाजू

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत सामावण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये समूह शाळेची कल्पना आली. तिच्यासाठी पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही उदाहरणे पुढे केली गेली.

समूह शाळेच्या बाजूचे म्हणणे टाकाऊ नाही. मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळतो. ग्रंथालय, प्रयोगाचे साहित्य, खेळाचे मैदान मिळते. बरोबरीचे सवंगडी मिळतात. चौथीत एकटाच असलेला मुलगा खेळणार कोणाशी? पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांसाठी, जिथे रस्ता आणि गाडी दोन्ही आहेत तिथे, हा मार्ग उपयोगाचा ठरू शकतो.

पण सहा-सात वर्षांच्या मुलाचे काय? नकाशावर दोन शाळांत दोन किलोमीटरचे अंतर दिसते. जुलैत मधला नाला भरून वाहतो, तेव्हा ते अंतर चालून संपत नाही. गाडीची सोय कागदावर मंजूर होते, पण पाड्यापर्यंत रस्ताच नसतो. मग निवासी शाळा हाच पर्याय उरतो आणि मूल सहाव्या वर्षी घर सोडते. जे सोडत नाही ते घरीच राहते. त्यांत मुली आधी. दूरच्या शाळेत मुलाला पाठवण्याचे धाडस घर करते. मुलीच्या बाबतीत "पुढच्या वर्षी बघू" म्हणते. धाकट्या भावाला कडेवर घेऊन जवळच्या शाळेत येणारी मुलगी तीन किलोमीटर चालून जात नाही.

म्हणून निर्णय पटाच्या आकड्यावरून होऊ नये. मूल त्या वाटेने पावसात चालत जाऊ शकते का, हे आधी पाहावे. ते पाड्यातल्या आयांना विचारले की कळते.

आपली मदत कोणत्या बाजूला पडते?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या उदाहरणातली चार मुले इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत गेली आहेत. कुणी आदिवासी विकास विभागाच्या नामांकित शाळा योजनेतून जाते, कुणी देणगीदारांच्या आधाराने एखाद्या संस्थेच्या वसतिगृहात. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. इंग्रजी आले की नोकरी मिळते, हे तेही पाहतात. आणि वसतिगृहांनी पुष्कळ घरे उभी केली, हेही खरे. अनाथ मुलाला, घरी धोका असलेल्या मुलीला, चौथीनंतर पाड्यात शाळाच नसलेल्या मुलांना वसतिगृह हवेच.

तरी हिशेब पाहावा. बाहेर नेण्यासाठी निवडली जातात ती बहुधा चुणचुणीत मुले आणि त्यांतही जागरूक पालकांची. ती गेली की पट चाराने कमी होतो. वर्गात लहानांना वाचून दाखवणारी मुले जातात. शिवाय शिक्षक उशिरा आला तर विचारणारे पालकही शाळेपासून दूर होतात, कारण त्यांचे मूल आता तिथे नसते. शाळा आणखी कमजोर होते आणि पुढच्या वर्षी आणखी दोन घरे मुलांना बाहेर पाठवतात. चार मुलांना दिलेल्या आधाराची किंमत मागे राहिलेली एकोणीस मुले मोजतात. कुणाच्याही मनात वाईट नसताना हे घडते.

याच्या उलट वाट महाराष्ट्रानेच दाखवली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर परिचित असलेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी गुरांच्या मागोमाग 'कुरणशाळा' भरवली. मुलाला उचलून शाळेपाशी आणण्याऐवजी त्यांनी शाळा मुलापाशी नेली.

वर्षाच्या चक्रात आपण काय करू शकतो?

मदत करताना दोन पथ्ये पाळावीत. एक, जिल्हा परिषदेची शाळा सर्वांची आहे. तिथे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या संमतीनेच जावे. या समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. दोन, शासनाच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये आहे. आपली मदत बिनशर्त असावी आणि पाड्यातल्या प्रत्येक घरासाठी असावी, मग ते घर आपल्या उपासनेला येवो वा न येवो.

एवढे सांभाळून पुढील कामे होण्यासारखी आहेत.

जूनमध्ये: सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची घरोघर यादी करून शिक्षकाला द्यावी. पटाबाहेरची तीन मुले अशीच सापडतात. दोन्ही मुली भावंडांना सांभाळण्यासाठी घरी आहेत, म्हणजे त्या पाड्याला आधी नीट चालणारी अंगणवाडी हवी आहे, हेही तेव्हाच कळते.

जुलै ते सप्टेंबर: जन्मनोंद आणि आधारची कामे. तालुक्याला जाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि अर्ज लिहून देणारा माणूस, एवढीच मदत पुरते. मंडळीत निवृत्त कारकून, ग्रामसेवक, वकील असतात. त्यांचा एक दिवस इथे मोलाचा ठरतो. हे काम ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवे.

दसऱ्यापूर्वी: कोणती घरे ऊसतोडीला किंवा भट्टीवर निघणार, याची यादी शिक्षकाबरोबर बसून करावी, म्हणजे हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल. जी मुले जाणारच आहेत, त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड पडले का ते पाहावे.

दिवाळी ते होळी: पाड्यातलीच बारावी झालेली मुलगी रोज दोन तास मुलांबरोबर बसली, तर मराठी आणि घरची बोली यांतला पूल ती होऊ शकते. तिचे मानधन हा आपल्या देणगीचा उत्तम उपयोग आहे. मोठ्या अक्षरांची, चित्रांची गोष्टीची पुस्तकेही द्यावीत. टॅबलेटपेक्षा ती जास्त दिवस टिकतात.

होळीनंतर: परत आलेल्या मुलांसाठी एप्रिल-मे मध्ये वाचन आणि गणिताचे वर्ग घ्यावेत. सुट्टीला घरी आलेले शिक्षक आणि महाविद्यालयीन तरुण यांनी चार आठवडे दिले, तरी अक्षरांवर अडलेले मूल शब्दांपर्यंत येते.

यांपैकी कुठल्याही कामाच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही, की भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही. जन्मदाखल्याला दिलेल्या गाडीभाड्याचा फोटो काय काढणार? पण त्या दाखल्याने आधार निघते, आधाराने मूल हिशेबात येते, आणि चौदाची शाळा बाराची ठरण्याऐवजी पटाबाहेरची तीन मुले धरून सतराची होते. पुढे दुसऱ्या शिक्षकाच्या पदाचा प्रश्न निघाला, तर गावाच्या हातात काहीतरी असते.

आपली मंडळी या वर्षी एखाद्या मुलाला आधार देण्याचा विचार करत असेल, तर निर्णयापूर्वी संबंधित कार्यकर्त्याला तीन प्रश्न जरूर विचारा. हे मूल कोणत्या पाड्याचे आहे? त्या पाड्यातल्या शाळेचा पट किती आहे? आणि हे मूल घरी राहून शिकावे, म्हणून तिथे काय करता येईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काही वेळा 'काहीच नाही' असे येईल. मग वसतिगृह आहेच. पण पुष्कळदा उत्तर सापडेल, त्याला खर्चही कमी लागेल आणि त्यातून एकाऐवजी तेवीस मुले शिकतील.